परदेशात शिकवायला जायचं की सातपुड्यात? नेपाळ, केनिया आणि धडगाव

गेल्या महिन्यात अमळनेरची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली होती. नुकतंच बी.एड. झालेलं, वय २३. वर्षभर परदेशात स्वयंसेवी शिक्षिका म्हणून जायचं तिच्या मनात आहे. ती मला विचारत होती कुठला देश निवडू, आणि तिच्या आईचा एकच प्रश्न होता, "कितला पगार शे?" दोघींचेही प्रश्न रास्त आहेत. असंच विचारणारे फोन मला अधूनमधून येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष काढलं. त्यानंतर नेपाळमध्ये, काठमांडूच्या पश्चिमेला असलेल्या धादिंग जिल्ह्यात पाच महिने शिकवलं. केनियाबद्दल जे लिहिते आहे ते माझ्या वर्गमैत्रिणीच्या सव्वा वर्षाच्या अनुभवावरून.

आधी आपल्याला घेतं कोण, ते बघू. इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात जास्त माहिती पीस कॉर्प्सची मिळते. स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी ही योजना अमेरिकेने १९६१ मध्ये सुरू केली, पण ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत भारतीयांना जाता येतं आणि राहण्या-जेवण्याचा मासिक भत्ताही मिळतो. मात्र तज्ज्ञ गटासाठी वय किमान २७ आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय रोज वर्गात उभं राहून शिकवायची कामं तिथे फारशी नसतात. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली व्हीएसओ ही स्वयंसेवी संस्था अनुभवी शिक्षकांना घेते, आणि त्यांचा भर मुलांना शिकवण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांना तयार करण्यावर असतो. आयसेक या तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सहा-आठ आठवड्यांचे प्रकल्प १८ ते ३० वयाच्या मुलामुलींसाठी असतात. म्हणजे २३ वर्षांच्या, अनुभव नसलेल्या मुलीसमोर उरतात थोड्या आठवड्यांचे प्रकल्प, पैसे घेऊन पाठवणाऱ्या संस्था किंवा थेट एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार.

पैसे घेऊन पाठवणाऱ्यांचा अनुभव मी घेतला आहे. नेपाळला पहिल्यांदा गेले ती अशाच एका मध्यस्थ संस्थेला पैसे भरून, तीन आठवड्यांसाठी. दुसरीचा वर्ग होता. फळ्यावर सफरचंदाचं चित्र काढायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत मुलांनी 'ए फॉर ॲपल'पासून 'झेड फॉर झेब्रा'पर्यंत एका दमात म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे बघत बसली. त्या वर्षात माझ्याआधी चौघं येऊन तेच शिकवून गेली होती. वर्गशिक्षिका मागच्या बाकावर बसलेली, मांडीवर गणिताचं पुस्तक. तिचा धडा आमच्यामुळे मागे पडत होता आणि पाहुण्यांपुढे तिला तसं म्हणता येत नव्हतं. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तीन आठवडे संपल्यावर परत आले आणि पुढच्या खेपेला थेट एका सामुदायिक (म्हणजे तिथल्या सरकारी) शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिलं: मी पाच महिने राहीन, तुम्हाला कुठल्या विषयाला माणूस कमी पडतंय ते सांगा. उत्तर आलं, सहावी-सातवीचं विज्ञान. इंग्रजीचा शब्दही नव्हता त्यात.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. अनाथाश्रमात शिकवायला म्हणून कुणी बोलावलं तर जाऊ नका, नेपाळ असो की कंबोडिया. या दोन्ही देशांत असं आढळलं आहे की अशा आश्रमांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरापासून तोडून आणली जातात. आपण चांगल्या मनाने गेलो तरी त्या धंद्याला हातभार लागतो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, भाषा. नेपाळचा विचार आपण खानदेशातल्या माणसांनी का करावा, त्याचं पहिलं कारण लिपी. नेपाळी देवनागरीत लिहितात. पहिल्या दिवसापासून मी त्यांची पाठ्यपुस्तकं अडखळत का होईना वाचू शकत होते. पाणी, पाठ, अक्षर असले शब्द चेहरा ओळखीचा असल्यासारखे भेटतात. एकदा फळ्यावर मी 'जळगाव' लिहिलं तर पहिल्या बाकावरचा मुलगा उठून जवळ आला, ळ वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मिस, यो कुन अक्षर हो?" नेपाळीत ळ नाही. मग अर्धा तास वर्गभर जीभ टाळूला लावून ळ म्हणणं चाललं. त्या दिवशी शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे अंतर आमच्यात फारसं राहिलं नाही, आणि विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारायला मुलं त्यानंतरच धजावली.

पण त्याच शाळेत पहिली-दुसरीची तामांग समाजाची मुलं गप्प बसायची. त्यांच्या घरात तामांग बोलतात, नेपाळी त्यांना शाळेत येऊनच शिकावी लागते. ती शांतता मला ओळखता आली, कारण ती मी आधी धडगावात ऐकली होती. पाड्यावरच्या पहिल्या दिवशी मी पहिलीच्या मुलांना नावं विचारली. वीस मुलं, एकाने तोंड उघडलं नाही. लाजत असतील असं मला वाटलं. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी दारातून डोकावली, पावरीत, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, दोन शब्द बोलली आणि वीसच्या वीस नावं धडाधड आली. माझा प्रश्नच त्यांना कळला नव्हता. मी जळगावची, घरात अहिराणी आणि मराठी बोलत वाढलेली, पण स्वतःच्याच खानदेशात मला दुभाषी लागली आणि ती नऊ वर्षांची होती. त्या रात्री मी एका वहीला मधोमध रेघ मारली. डावीकडे मुलांचा पावरी शब्द, उजवीकडे माझा मराठी. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत मला निदान चूल, पाऊस, बकरी, भूक यांवर त्यांच्याशी बोलता यायला लागलं.

केनियात गोष्ट वेगळी. तिथे चौथीपासून शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे, म्हणून आपल्याला सोपं जाईल असं वाटतं. मैत्रीण सांगते की वरच्या वर्गात तसं जातंही. लहान मुलांत मात्र स्वाहिली किंवा त्यांची घरची बोली आल्याशिवाय काही चालत नाही. चाय आणि चपाती हे शब्द तिकडेही तेच आहेत, पण ओळख तेवढ्यावरच थांबते. मुलांशी नीट बोलता यायला तिला सहा महिने लागले. म्हणूनच केनियाला जायचं तर वर्षाच्या आत परत येण्याच्या बेताने जाऊ नये, असं तिचं आणि माझंही मत आहे.

प्रवास आणि कागदपत्रं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. भुसावळला कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सीमा, पलीकडे धादिंगच्या बाजूला जाणाऱ्या बस. पासपोर्ट नसला तरी रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्र चालतं. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०, हा दर ठरलेला आहे. शाळा रविवार ते शुक्रवार, सुट्टी शनिवारी. नवं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, सुमाराला शाळा बरेच दिवस बंद असतात, तेव्हा त्या दिवसांत जाऊन बसू नका.

केनियासाठी पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस हवी. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. मलेरियाचीही काळजी घ्यावी लागते. पर्यटक म्हणून शिरून वर्गात शिकवणं तिथल्या नियमांत बसत नाही. बोलावणाऱ्या संस्थेने परवाना काढायला हवा. "आधी या, मग बघू" म्हणणाऱ्यांना तिथेच नकार द्या. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रं असतात.

धडगावला शहाद्याहून घाटाने एसटी जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मदतनीस म्हणून जायचं तर मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी या तिघांशी आधी बोला. आश्रमशाळा असेल तर तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळाही आहेत, त्यांतल्या काही ठिकाणी बोटीनेच पोचावं लागतं. फोनला रेंज मिळेलच असं नाही. जेवणाचं म्हणाल तर मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, तूरडाळ, मिरचीचा ठेचा. केनियातली उगाली आणि नेपाळातला ढिंडो हीसुद्धा पिठाची घट्ट उकडच असते, भाकरीवर वाढलेल्या माणसाला दोन्ही जमतं.

आणि एक गोष्ट तिन्हीकडे सारखीच आहे. मुलं शाळेत नसली तर त्यामागे कारण असतं. सातपुड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आई-वडिलांबरोबर मुलं जातात, होळीआधी भोंगऱ्या बाजार हा आदिवासींचा मोठा बाजार-उत्सव असतो, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं वेचायची असतात. चार आठवड्यांसाठी आलेल्या माणसाला हे आळस वाटतं. वर्षभर राहिलेला त्या दिवसांत उजळणी ठेवतो आणि मुलं परतल्यावर नवा धडा काढतो.

पगाराचं उत्तर मी त्या आईला सरळ दिलं. नेपाळात आणि धडगावात मला पगार नव्हता. नेपाळात शाळेने एका शिक्षकाच्या घरी राहायची सोय केली, जेवणाचे पैसे मी दिले. धडगावात खोली मिळाली, बाकी खर्च माझा. केनियात मैत्रिणीला तिच्या संस्थेने जागा आणि थोडा भत्ता दिला, विमानाचं तिकीट तिने स्वतः काढलं. घरी दुसरी कमाई नसेल आणि कर्ज काढून जायचं असेल, तर मी जा म्हणणार नाही. आधी नोकरी करा, दोन वर्षांची बचत करा. अनुभवही होतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाची दारंही पुढे त्यानेच उघडतात.

हाताशी पैसे आणि वेळ असेल तर मी सांगेन, पहिलं वर्ष सातपुड्यात. अनोळखी भाषेतल्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं, ते इथे शिकता येतं, आणि चुकलात तर चार तासांत घर आहे. त्यानंतर नेपाळ, निदान एक सत्र, थेट शाळेशी बोलून आणि तिला हवा असलेला विषय घेऊन. केनिया त्याही नंतर, वर्षभराची तयारी आणि पाठीशी खात्रीची संस्था असेल तेव्हाच. मात्र आधीच पाच-सहा वर्षं नोकरी केलेल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकाने हा क्रम पाळायची गरज नाही, त्याने सरळ केनियाचा विचार करावा. मोठ्या वर्गात इंग्रजीतून शिकवणाऱ्याचा तिथे खरा उपयोग होतो.

अमळनेरच्या मुलीने धडगाव ठरवलं आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवडाभर आधी जा, असं मी तिला सांगितलं. बॅटरी, प्लास्टिकचा कागद आणि रेघ न मारलेली एक जाड वही सोबत घे म्हटलं. माझ्या वहीत पुढे नेपाळीसाठी तिसरा रकाना करावा लागला होता, त्याला जागा राहिली नव्हती.