नव्या स्विमिंग पूलसाठी थेंबांचं टेस्ट किट: काही महिने वापरल्यानंतर

घरचा पूल नवा, आतून सिमेंट प्लास्टरचा, आणि पाणी सांभाळायचं काम आपल्याच अंगावर. अशा माणसाने थेंबांचं टेस्ट किट घ्यावं का, एवढाच इथे विषय. उत्तर आधीच देते: घ्या, पण त्यात पावडर टाकून थेंब मोजत क्लोरीन तपासायची सोय आहे ना, ते बघून घ्या. नुसत्या पिवळ्या रंगाच्या छटा जुळवणाऱ्या डबीवर भागवू नका. किट निर्दोष नाही, त्याच्या कटकटीही सांगते.

नव्या प्लास्टरचं पाणी जुन्या पूलसारखं वागत नाही. सिमेंट पाण्याखालीही पक्कं होत असतं, आणि त्यातून सुटणारा चुना पाण्यात उतरतो. पहिला महिनाभर हे जास्त, पुढे हळूहळू कमी. परिणाम असा की आज ॲसिड टाकून पीएच ७.५ वर आणावा आणि दोन-तीन दिवसांत तो पुन्हा ८ च्या पुढे दिसावा. भिंतींवर पांढरी भुकटी धरते, ती ब्रशने रोज घासावी लागते, फिल्टर लवकर भरतो. पूल बांधून देणाऱ्याने जाताना ‘आठवड्यातून एकदा बघा’ असं सांगितलं होतं. या काळात आठवड्यातून एकदा पुरत नाही. पीएच रोज बघावा आणि ॲसिड थोडं थोडं द्यावं.

पाणी तेव्हाही निळंशारच दिसतं, ही यातली गोम. पीएच ८.२ ला पाणी तसंच आणि ७.४ लाही तसंच. पण आत बरंच बदललेलं असतं. क्लोरीनचं जे रूप जंतू मारतं, त्याचं प्रमाण साध्या पाण्यात ७.५ पीएचला साधारण निम्मं असतं, ८ ला पाव भागाच्या आसपास येतं. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) घातलेल्या पाण्यात हा फरक बराच सौम्य होतो, पण पीएच चढलेला राहिला तर कॅल्शियमचा थर मात्र बसतोच, आणि पहिल्यांदा बसतो तो हीटरमध्ये, कारण तिथे पाणी तापतं.

किटचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अल्कलिनिटीच्या, म्हणजे पाण्याच्या ॲसिड पचवण्याच्या क्षमतेच्या, चाचणीचा. नळीत २५ मिली पाणी, क्लोरीन मारणारे थेंब, मग रंगाचे थेंब. पाणी हिरवं होतं. मग एकेक थेंब टाकून हलवत जायचं, हिरव्याचा लाल झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग. सुरुवातीला माझ्याकडे हा आकडा १३० च्या घरात येत होता. बहुतेक ठिकाणी ८० ते १२० हे योग्य म्हणून लिहिलेलं असतं, त्यामुळे १३० म्हणजे थोडंसंच जास्त वाटतं. पण पीएच सारखा वर पळण्याचं अर्धं कारण तिथेच असतं. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. तो हवेत निघून गेला की पीएच चढतो. धबधबा, कारंजं, वर तोंड केलेले रिटर्न (फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत सोडणारी तोंडं), सगळे हेच काम जोरात करतात. मी ॲसिडने पीएच ७.२ पर्यंत खाली आणायचा, कारंजं चालू ठेवून तो आपोआप चढू द्यायचा, पुन्हा ॲसिड, असं करत अल्कलिनिटी ७० वर आणली. त्यानंतर ॲसिडचा खप इतका कमी झाला की कॅन महिनोन्‌महिने पुरतो. हे क्लोरीनच्या गोळ्या न वापरणाऱ्यांसाठी. ट्रायक्लोरच्या गोळ्या स्वतःच आम्लधर्मी असतात, त्यांच्यासोबत अल्कलिनिटी थोडी वर ठेवलेलीच बरी.

उलट ती फारच खाली गेली तर खाण्याचा सोडा चालतो, ‘अल्कलिनिटी वाढवणारी’ म्हणून मिळणारी पावडर बहुधा तीच असते. हिशोब सोपा: १००० लिटरला सुमारे १७ ग्रॅम टाकले की १० पीपीएम वाढतं. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल पूलमध्ये ४८,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ८०० ग्रॅम. आपल्या पूलचं माप एकदा नीट काढून किटच्या झाकणावर लिहून ठेवा, प्रत्येक हिशोब तिथूनच सुरू होतो.

आता गोळ्या. नव्या पूलवाल्याच्या हातात सगळे आधी त्याच देतात, कारण तरंगत्या डब्यात टाकल्या की विसरता येतात. त्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड असतं, म्हणजेच स्टॅबिलायझर. ते थोडं हवंच. नाहीतर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. पण क्लोरीन खर्च होतं आणि स्टॅबिलायझर पाण्यातच राहतं. वर दिलेल्या मापाच्या पूलमध्ये २०० ग्रॅमची एक गोळी अंदाजे २.३ पीपीएम स्टॅबिलायझर सोडून जाते. वीस गोळ्यांत ४६. आणि स्टॅबिलायझर जितकं वाढेल तितकं क्लोरीनही जास्त ठेवावं लागतं, ढोबळ मानाने त्याच्या साडेसात टक्के. ४० असेल तर ३ पीपीएमच्या खाली जाऊ नये, १०० झालं तर साडेसात लागतं. ‘क्लोरीन ३ आहे तरी पाणी हिरवं का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. स्टॅबिलायझर कमी करायला पाणी बदलण्याखेरीज सोपा उपाय नाही. मी ४० ला गोळ्या थांबवल्या आणि लिक्विड क्लोरीनवर आले. १० टक्क्यांचं एक लिटर या मापाच्या पूलला साधारण २ पीपीएम देतं. रोज ओतायचं काम लागतं खरं, आणि उन्हात ठेवलेला कॅन ताकद गमावतो, पण पाण्यात फक्त थोडं मीठ वाढतं.

क्लोरीनच्या चाचणीबद्दल मात्र तक्रार नाही. १० मिली पाण्यात पावडर टाकली की गडद गुलाबी, मग थेंब टाकत राहायचं, गुलाबी एकदम उडून पाणी काचेसारखं होतं. दोन थेंबांना १ पीपीएम. छटा जुळवायच्या नाहीत, चष्मा शोधायचा नाही. त्याच नळीत दुसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकले आणि गुलाबी परत आलं, तर घाम-मूत्राशी जोडलं गेलेलं क्लोरीन पाण्यात आहे. ‘क्लोरीनचा वास’ येतो आणि डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा त्यानेच, आणि त्यावर उपाय क्लोरीन कमी करण्याचा नसून वाढवण्याचा. ही चाचणी आणखी एका कामाला येते: सूर्य मावळल्यावर एकदा आणि सकाळी ऊन पडायच्या आत एकदा मोजायचं. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त घटलं तर पाण्यात काहीतरी वाढतंय, डोळ्यांना दिसायच्या आधी.

पाण्यात बुडवून रंग बघायच्या टेस्ट पट्ट्यांशी तुलना करायची तर, पट्टी दहा सेकंदांत होते आणि घाईत क्लोरीन आहे की नाही एवढं सांगते. अल्कलिनिटी ७० की १२० हे तिच्यावरून ठरवणं म्हणजे अंधारात तीर. मी पट्ट्या पाहुणे येणार असतील त्या दिवसापुरत्या ठेवल्यात.

कटकटी आता. पहिली, स्टॅबिलायझरची चाचणी. पाणी आणि द्रव मिसळून गढूळ करायचं आणि नळीत ओतत तळचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत भरायचं. ‘दिसेनासा’ म्हणजे नेमकं कधी, यावर घरात दोघांची दोन मतं आणि दोन आकडे येतात. बाहेर उजेडात, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेशी धरून, सलग दोनदा केली तरच विश्वास ठेवावा. दुसरी, थेंबाचा आकार. बाटलीच्या टोकावर स्थिर वीज साचली की थेंब छोटे पडतात आणि आकडा फुगतो. ओल्या कागदाने टोक पुसायचं आणि बाटली उभी धरायची. तिसरी, क्लोरीन १० च्या वर असताना पीएचचा लाल रंग जांभळ्याकडे झुकून खोटा बोलतो. त्या दिवशी पीएच बघूच नये, आणि त्या खोट्या आकड्यावरून ॲसिड तर मुळीच टाकू नये.

ॲसिडचा विषय निघालाच आहे तर: आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीही नाही. क्लोरीन आणि ॲसिड एकाच कपाटात नकोत, एका मापाने ओतायचे नाहीत. एकत्र आले तर विषारी वायू होतो. पंप चालू ठेवून रिटर्नच्या समोर सावकाश ओतायचं.

कॅल्शियमची चाचणी मी महिन्यातून एकदाच करते. प्लास्टरच्या पूलला २०० ते ४०० पीपीएम हवं. त्याहून बरंच कमी असलं तर पाणी प्लास्टरमधूनच कॅल्शियम ओढून घेतं आणि हाताला ते खरखरीत लागायला लागतं. पीएच, तापमान, अल्कलिनिटी आणि कॅल्शियम एकत्र धरून पाणी थर बसवेल की प्लास्टर खाईल हे सांगणारा निर्देशांक लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये मांडला, मुळात शहराच्या नळांसाठी. तो शून्याच्या आसपास ठेवला की झालं. आकडेमोड फोनवरचे कॅल्क्युलेटर करून देतात. त्यात अल्कलिनिटी भरताना स्टॅबिलायझरचा साधारण तिसरा हिस्सा वजा करावा लागतो, आणि काही कॅल्क्युलेटर ते स्वतः करत नाहीत, तेवढं तपासून घ्या.

रिफिल घेताना पूर्ण संच घेऊ नका. पावडर आणि क्लोरीनचे थेंब सगळ्यात आधी संपतात, कॅल्शियमच्या बाटल्या वर्षभर तशाच राहतात. सुटं मिळतं. तारीख बघून घ्या, आणि किट पंपाच्या खोलीत, ॲसिडच्या शेजारी ठेवू नका. मी ते घरात, सावलीतल्या कपाटात ठेवते.