हॅचिंग, ग्लू की पीजीटी-ए: ट्रान्सफरआधी जादा पैसे कशाला द्यावेत?

आयव्हीएफचं इस्टिमेट हातात आलं की मूळ खर्चाखाली काही जादा ओळी दिसतात: लेझर हॅचिंग, एम्ब्रियो ग्लू, पीजीटी-ए (भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी), टाइम-लॅप्स (वाढत्या भ्रूणाचे सतत फोटो). प्रत्येकीबद्दल ऐकवलं जातं ते एकच, ‘गर्भ रुजण्याची शक्यता वाढते’. पण या चार गोष्टी एकाच माळेचे मणी नाहीत. पहिल्या दोन भ्रूणाला रुजायला मदत करू पाहतात. उरलेल्या दोन असलेल्या भ्रूणांमधून निवड करतात. निवडीने एकही नवं चांगलं भ्रूण तयार होत नाही, हे आधी लक्षात घ्या.

हॅचिंगमागचा तर्क पटकन पटतो. भ्रूणाभोवती झोना पेलुसिडा नावाचं कवच असतं. त्यातून बाहेर पडल्याशिवाय भ्रूण गर्भाशयाच्या अस्तराला चिकटत नाही, म्हणून लेझरने कवचाला छेद देतात किंवा ते पातळ करतात. पण मूल जन्माला येण्याचं प्रमाण त्याने वाढतं, असं कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या आढाव्याला ठामपणे म्हणता आलं नाही. उलट जुळ्यांची शक्यता वाढू शकते. सरसकट सगळ्यांना करायची ही गोष्ट नव्हे.

ग्लूची बाजू बरीच भक्कम आहे. हा डिंक नव्हे. हायल्युरोनन जास्त असलेलं द्रावण आहे, ट्रान्सफरआधी, म्हणजे गर्भाशयात सोडण्याआधी, भ्रूण त्यात ठेवतात. कोक्रेनच्या २०२०च्या आढाव्यात याचा पुरावा मध्यम दर्जाचा ठरला: साधारण १४ जणींना वापरलं तर एक बाळ जास्त. यातही जुळ्यांचा धोका वाढतो, त्यामुळे एकच भ्रूण सोडायचं असेल तर हा खर्च मला समर्थनीय वाटतो.

खरी घालमेल होते ती पीजीटी-एपाशी, कारण खर्च सगळ्यात मोठा आणि जाहिरातही. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टच्या (या टप्प्यापर्यंत वाढलेल्या भ्रूणाच्या) बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून गुणसूत्रांची संख्या तपासतात. भ्रूण तोवर गोठवून ठेवतात. ‘नॉर्मल’ ठरलेलं भ्रूण सोडलं की प्रत्येक ट्रान्सफरमागचं यश चांगलं दिसतं, आणि केंद्रं तोच आकडा दाखवतात. पण ज्यांचं एकही भ्रूण तपासणीत टिकलं नाही, त्यांची ट्रान्सफर होतच नाही. त्या या हिशोबात येतच नाहीत. चीनमधल्या २०२१च्या मोठ्या चाचणीत ३७ वर्षांपर्यंतच्या, किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या १,२१२ स्त्रिया होत्या. एकूण ट्रान्सफर धरून मूल झालेल्यांचं प्रमाण पीजीटी-ए गटात ७७.२ टक्के, नेहमीच्या गटात ८१.८. गर्भपात मात्र कमी झाले: ८.७ विरुद्ध १२.६ टक्के. शिवाय त्या थोड्या पेशींवरून आतल्या, ज्यातून बाळ घडतं त्या भागाचा अंदाज दर वेळी बरोबर येतोच असं नाही.

टाइम-लॅप्स पॅकेजमध्ये फुकट असेल तर असू द्या. ब्रिटन-हाँगकाँगच्या २०२४च्या चाचणीत त्याने मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

तिशीच्या आत-बाहेर असाल आणि एक-दोनच ब्लास्टोसिस्ट असतील, तर पीजीटी-ए टाळावी असं माझं मत. वय अडतीसच्या पुढे, भ्रूण बरेच आणि आधी वारंवार गर्भपात झालेले, तर तज्ज्ञाशी बसून विचार करण्यासारखी आहे. समुपदेशनाला जाल तेव्हा विचारा: “माझ्या वयाच्या, उपचार सुरू केलेल्या शंभर जणींपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?” उत्तरात ‘प्रति ट्रान्सफर’ हे शब्द आले, तर प्रश्न पुन्हा विचारा.