स्वस्त क्रूझवर सेवा नेमकी कुठे कमी पडते: चार सफरींनंतरचा अनुभव

नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत चार सफरी झाल्या. दोन सिंगापूरहून, दोन भूमध्य समुद्रात, मिळून २१ रात्री. चारही वेळा सर्वांत खालच्या दोन दरांतली केबिन, म्हणजे एकतर बिनखिडकीची किंवा बंद काचेची. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. थोडाफार फरक सोडला तर खालचं सगळं या दरातल्या बहुतेक जहाजांना लागू पडतं.

मत आधीच सांगायचं तर: पैसे वसूल होतात, पण तिकीट घेताना डोळ्यांसमोर आपल्याकडची ग्रुप टूर असेल तर पहिल्याच दिवशी चिडचिड सुरू होते. टूरमध्ये चहापासून टिपेपर्यंत सगळं धरलेलं असतं आणि अडचण आली की धावून येणारा टूर मॅनेजर असतो. क्रूझच्या स्वस्त तिकिटात झोपायची जागा, साधं जेवण, नाटकं-गाणी आणि प्रवास एवढंच धरलेलं असतं.

महागड्या छोट्या जहाजांवर साधारण दीड प्रवाशामागे एक कर्मचारी असतो. या दरातल्या मोठ्या जहाजांवर अडीच ते तीन प्रवाशांमागे एक, आणि त्यात इंजिन, स्वयंपाकघर, लाँड्रीतली माणसंही मोजलेली. २००६च्या सागरी श्रम करारानुसार कर्मचाऱ्याला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते, त्यामुळे माणसं तेवढीच ठेवून कामाचे तास फार ताणता येत नाहीत. मग कामच कमी केलं जातं. पूर्वी केबिन सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा आवरली जायची. कोविडनंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी साध्या केबिनसाठी ते एकदाच केलं. पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हत्ती दिसला नाही म्हणून केबिन आवरणाऱ्या स्ट्युअर्डवर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे पंधरा-वीस केबिन असतात, कधी त्याहून जास्त, आणि उतरण्याच्या दिवशी त्या सगळ्या चार-पाच तासांत रिकाम्या करून नव्या माणसांसाठी लावायच्या असतात. पहिल्या दिवशी त्याला भेटून एवढंच सांगा: सकाळी आवरून हवं की संध्याकाळी, जादा उशा किती, बर्फ हवा का, दोन पलंग वेगळे करायचे का. एकदा सांगितलं की सफरभर ते पाळलं गेलं. रोज नवीन मागणी केली तिथेच गोंधळ झाला.

टिपेचा मुद्दा इथेच घेऊ. माणशी दर रात्री साधारण १२ ते १८ डॉलर तुमच्या जहाजावरच्या खर्चाच्या खात्यावर आपोआप पडतात. १५ धरले तरी चौघांचे सात रात्रींचे ४२० डॉलर होतात, आणि तिकीट काढताना हा आकडा ठळक दिसत नाही. काही कंपन्यांत स्वागतकक्षात सांगून ही रक्कम कमी करता येते. आपल्याकडच्या प्रवाशांत तसा सल्ला फिरत असतो. कृपा करून तो ऐकू नका. हा पैसा स्ट्युअर्ड, वेटर आणि पडद्यामागच्या माणसांत वाटला जातो. सहा ते नऊ महिने घर सोडून राहणाऱ्या या माणसांत आपल्या गोव्याचे तारवटी (जहाजांवर काम करणारे) आणि मुंबई-कोकणातली मुलंही पुष्कळ असतात. बजेट आखतानाच टीप तिकिटात मिळवून धरा.

केबिन निवडताना दर पाहण्याआधी डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा, नकाशा पाहा. ‘गॅरंटी’ दरात केबिन कंपनी देईल ती घ्यावी लागते, आणि ती अनेकदा कुणी न निवडलेली असते. पोहण्याच्या तलावाखालची केबिन मिळाली तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. नाट्यगृहाच्या किंवा डिस्कोच्या वरची रात्री एकपर्यंत हलते. अगदी पुढच्या टोकाला खालच्या डेकवर असाल तर बंदरात शिरताना पहाटे थ्रस्टरची (जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची) घरघर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट जागं करतो. ज्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, जहाजाच्या मध्यावर आहे आणि शेजारच्या केबिनला जोडणारं दार नाही, ती सर्वांत शांत. मळमळणाऱ्यांनीही तीच घ्यावी, कारण मध्यावर आणि खाली झोका कमी लागतो. चौघांनी एका केबिनमध्ये राहायचं तर दोघांना छतातून किंवा भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगावर चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते जमत नाही.

आता शौचालय, कारण सर्वांत जास्त भांडणं यावरून पाहिली. जेट स्प्रे बहुतेक परदेशी जहाजांवर नसतो. दाबून पाण्याची धार येणारी छोटी बाटली न्या. टमरेलभर पाणी ओतायची सवय इथे अडचणीची ठरते, कारण जमीन ओली राहते आणि पाणी दाराखालून गालिच्यात शिरतं. फ्लश हवेच्या ओढीवर चालतो: एका वेळी जेमतेम लिटरभर पाणी आणि पाइपातली निर्वात ओढ. झाकण बंद करून बटण दाबायचं, एक-दोन सेकंदांनी जोराचा ‘घुस्स’ असा आवाज येतो. पाइप अरुंद आणि वळणांचे असतात. कुणीतरी ओला वाइप किंवा सॅनिटरी पॅड टाकला की तो वळणावर अडकतो आणि त्या ओळीतल्या सगळ्या केबिनचे फ्लश एकदम बंद पडतात. म्हणून तुमचा फ्लश चालत नसेल तर चूक बहुधा तुमची नसते. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, लगेच फोन करा आणि केबिन नंबरासोबत वेळही सांगा. आमच्याकडे दुरुस्तीला एकदा ४० मिनिटं लागली, एकदा तीन तास.

गारवा कमी-जास्त होण्याची तक्रारही अशीच. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की त्या केबिनचा एसी बंद पडतो किंवा मंदावतो, आणि दमट हवा आत येऊन भिंती घामेजतात. भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक नेले तर टोप्या-पिशव्या टांगता येतात. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, छोटा कुकर आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड चढतानाच काढून घेतात. आगीची भीती खरी आहे, वाद घालू नका.

जेवणात शाकाहारी माणसाने गृहीत काहीच धरू नये. ‘भाज्यांचं’ सूप कोंबडीच्या स्टॉकमध्ये (हाडं उकळून काढलेल्या पाण्यात) केलेलं असू शकतं, फ्रेंच ओनियन सूप तर बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन. दर वेळी विचारा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच, निदान महिनाभर आधी लेखी कळवा. किराणा निघण्याच्या बंदरावरच भरला जातो आणि ग्रेव्हीचा मसाला मोठ्या प्रमाणात कांदा-लसूण घालून एकदाच होतो. ऐनवेळी त्यातून कांदा काढता येत नाही. इथे एक युक्ती चारही वेळा चालली. पहिल्या रात्री मुख्य डायनिंग हॉलच्या हेड वेटरला भेटून उद्याच्या जेवणासाठी डाळ, भात आणि एक भाजी सांगायची. तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आणून दाखवतो आणि स्वयंपाकघराला आदल्या रात्रीच कळवतो. टेबलावर बसल्यावर हेच मागितलं तर ४० मिनिटं थांबावं लागतं आणि वेटरची बाकीची टेबलं खोळंबतात.

चढण्याच्या दिवशी दुपारी १२ ते दीड बुफेत उभं राहायलाही जागा नसते, कारण केबिन अजून तयार नसतात आणि सगळे बॅगा घेऊन तिथेच येतात. त्या वेळी मुख्य डायनिंग हॉल उघडा आहे का ते विचारा; अनेकदा असतो आणि निम्मा रिकामा असतो. युरोपीय कंपन्यांच्या काही जहाजांवर रात्रीच्या जेवणात पाण्याची बाटलीही विकत असते, बुफेतल्या मशीनचं पाणी फुकट. शिक्काबंद कोरडा खाऊ सहसा चालतो, घरचे लाडू-चकल्या बहुतेक ठिकाणी अडवतात. बुफेच्या दारात हात धुवायचं बेसिन असेल तर तेच वापरा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, साबण-पाण्यानेच तो जातो.

मनोरंजन ठीक होतं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

ठरलेलं बंदर रद्द झालं तर सहसा फक्त बंदराचा कर परत मिळतो. करारात तसं लिहिलेलं असतं. ग्रीसमधल्या सँतोरिनी बेटासारख्या ठिकाणी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात, तिथे लाटा चढल्या की कॅप्टन थांबत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्या एका ठिकाणासाठी सगळा खर्च करताय ते असं बोटीचं बंदर असेल तर दुसरी सफर शोधा.

फोन चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क रोमिंगवर पकडलं तर बिल हजारांत जातं. खात्याला फोरेक्स कार्ड जोडलं तर काही रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटायला सफर संपल्यावरही काही दिवस लागतात; क्रेडिट कार्ड जोडा. खातं दुसऱ्याच दिवसापासून रोज पाहा. चुकीची नोंद मधल्या दिवसांत पाच मिनिटांत निघते, शेवटच्या रात्री त्यासाठी तासभर रांग असते. त्याच रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे आधी बाजूला काढा. स्वतःच्या बॅगा स्वतः उतरवायचा पर्याय घेतला की बॅगाही केबिनमध्येच राहतात आणि जहाजातून सर्वांत आधी बाहेर पडता येतं.