कॉकस की प्रायमरी?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवण्याची सुरुवात राज्याराज्यांत होते, ती पक्षाने भरवलेल्या कॉकस सभेतून किंवा सहसा सरकारी यंत्रणेने घेतलेल्या प्रायमरी मतदानातून. आयोवातील डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये २०२० पर्यंत मतदार संध्याकाळी एखाद्या शाळेत जमून आपापल्या उमेदवाराच्या गटात उघडपणे उभे राहत, आणि ज्या गटाला सहसा किमान १५ टक्के पाठबळ मिळत नसे, त्यातील लोकांची मनधरणी करून त्यांना दुसऱ्या गटात ओढले जाई. शेजाऱ्यांमधली ही चर्चा मोलाची खरी. पण रात्रपाळीच्या कामगाराने तिथे थांबायचे कसे? न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत मतदान गुप्त असते, दिवसभरात सवडीने जाता येते आणि पक्षनोंदणी न केलेल्या मतदारालाही कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेता येते. त्यामुळे मला प्रायमरीच अधिक न्याय्य वाटते.