लोखंडी बीमवरचा डेक स्लॅब: हिशोब चोख, सूचना मात्र शेवटच्या पानावर

भोसरीतील आमच्या वर्कशॉपवर पहिला मजला चढवताना खालच्या मशिनी बंद ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून लाकडी सेंटरिंगऐवजी लोखंडी बीमवर डेक शीट (घडीदार पोलादी पत्रे) अंथरून त्यावर काँक्रीट ओतण्याचे ठरले आणि त्याचे डिझाइन पुण्यातील एका स्ट्रक्चरल सल्लागाराकडे सोपवले.

त्यांनी लोखंड आणि काँक्रीटच्या एकत्रित बांधकामासाठीच्या आयएस 11384 या भारतीय मानकाच्या 2022 च्या आवृत्तीनुसार दोन अवस्थांचा वेगळा हिशोब मांडला, आणि या कामाचे खरे मर्म तेच आहे. काँक्रीट ओले असेपर्यंत चौरस मीटरमागे सुमारे 260 किलो वजन आणि वर वावरणारी माणसे एकट्या शीटने पेलायची असतात. ते घट्ट झाले की बीमवर वेल्ड केलेल्या स्टडमुळे (लोखंडी खुंट्यांमुळे) स्लॅब आणि बीम एकजीव होऊन वाकतात, त्यामुळे 500 किलोच्या वापरभारालाही बीम तुलनेने हलका चालतो. आमच्या 7.2 मीटरच्या गाळ्यात मूळ आराखड्यात मध्ये एकच बीम होता. त्यांनी दोन घेऊन शीटचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, 2.4 मीटरवर आणला. लोखंड वाढले खरे, पण एकही टेकू लावावा लागला नाही. 130 मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये जाळी कुठे आणि किती, हेही त्यांनी नेमके दाखवले होते.

तक्रार एकच, पण ती महागात पडली. स्टड शीटमधून थेट बीमला वेल्ड होतात, म्हणून बीमच्या वरच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) रंग नको, ही सूचना शेवटच्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होती. फॅब्रिकेटरने नेहमीप्रमाणे सगळीकडे रेड ऑक्साइड फासला. चाचणीसाठी हातोडीने स्टड वाकवायला घेतले, तर 19 मिलिमीटरचा जाडजूड स्टड दुसऱ्याच ठोक्याला बुडापासून सुटून खाली पडला आणि वेल्डच्या जागी काळपट, सच्छिद्र चकती तेवढी उरली. मग अंथरलेली शीट उचलून फ्लँज ग्राइंडरने घासण्यात दोन दिवस गेले. (चूक वाचणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, यावर साइटवर बरीच चर्चा झाली, माझ्या मते दोघांचीही.)

पुढच्या शेडचे कामही त्यांनाच दिले आहे. मात्र फ्लँजची सूचना पहिल्याच नकाशावर ठळक अक्षरांत हवी, अशी अट या वेळी कार्यादेशातच घातली आहे.