सोनेरी कार्ड की बोली? नागपूरहून लांब जाणाऱ्यांसाठी

मागच्या रविवारी मेहुण्याचा फोन आला. मिहानमधल्या नोकरीमुळे त्याची दिल्ली-बंगळूरची फेरी महिन्यातून दोन-तीनदा होतेच, त्यात आता मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आहे. "भाऊजी, वर्षातून एकदा तरी दोघांना जावंच लागेल. एकाच कंपनीला धरून कार्ड सोनेरी करून घेऊ, की मिळेल ते स्वस्त तिकीट काढून बोली लावत जाऊ? वरचा वर्ग कशाने मिळतो?" फोनवर मी घाईत काहीतरी उत्तर दिलं. नंतर वाटलं, हाच प्रश्न आपल्याकडे आता बऱ्याच घरांत आहे, जरा नीट लिहावं. कार्ड म्हणजे विमान कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेचं सभासदत्व, त्यात प्रवासाप्रमाणे पायऱ्या चढतात आणि पॉइंट जमतात. बोली म्हणजे इकॉनॉमीचं तिकीट काढून वरच्या वर्गातल्या जागेसाठी (याला अपग्रेड म्हणतात) आपण किती जादा पैसे देऊ ते कंपनीला कळवणं. मी सात वर्षं कार्ड सांभाळलं आणि गेली तीन वर्षं बोली लावतो आहे.

आमची गरज आधी सांगून टाकतो, कारण माझं मत त्यातूनच आलं आहे. सौ.चा उजवा गुडघा बदललेला आहे. नऊ-दहा तास पाय दुमडून बसलं की उतरताना तिला उभं राहायलाच दहा मिनिटं लागतात. पाय लांब करून झोपता येईल अशी जागा आमच्यासाठी चैन नाही. ज्यांना नुसता आराम हवा आहे, त्यांचा हिशेब वेगळा निघू शकतो.

आधी कार्ड. यात पहिला गैरसमज असा की कार्ड सोनेरी झालं म्हणजे अपग्रेड आपोआप मिळतं. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिच्या वरच्या पायरीच्या सभासदाला स्टार अलायन्स गोल्ड मिळतं आणि त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. त्या गोल्डमध्ये लाउंज आहे, वेगळी रांग आहे, जास्तीचं सामान आहे, बॅग पट्ट्यावर आधी येते. अपग्रेड त्या यादीत नाही. फुकट अपग्रेडच्या ज्या गोष्टी आपण पुतण्या-भाच्यांकडून ऐकतो, त्या बहुतेक अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासाच्या असतात. तिथे अमेरिकन एअरलाइन्सच्या सर्वांत वरच्या जाहीर पायरीवरच्या माणसाचा नंबर उड्डाणाआधी १०० तासांपासून लागू शकतो, तर तिच्या गोल्डवाल्याचा २४ तासांपासून. समुद्र ओलांडायचा झाला की हे फुकट प्रकरण संपतं. मग साठवलेले पॉइंट लागतात किंवा वर्षाकाठी मोजूनमापून मिळणारी अपग्रेडची कुपनं.

अपग्रेडची वाट बघणाऱ्यांची यादी लागते ती साधारण अशी. पहिली चाळणी पायरीची. दुसरी तिकिटाच्या भाड्याची. म्हणजे दोघेही गोल्ड असले तरी महाग, बदलता येणारं तिकीट ज्याच्याकडे, तो वर. अमेरिकनमध्ये एकाच पायरीवरच्यांत गेल्या बारा महिन्यांत कोणी जास्त पॉइंट जमवले हेही बघतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक पायरी अशी आहे, जिला अर्जच करता येत नाही. युनायटेडमध्ये ती ग्लोबल सर्व्हिसेस, अमेरिकनमध्ये कन्सिअर्ज की, डेल्टामध्ये डेल्टा ३६०. कंपनी स्वतः बोलावते तेव्हाच तिथे जाता येतं. सोनेरी कार्डवाला त्यामुळे बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या ओळीत उभा असतो आणि त्याला वाटत असतं आपण पहिल्या ओळीत आहोत. मलाही पाच वर्षं तसंच वाटत होतं.

शिवाय पायरी चढण्याचं मापही बदललं. १९८१ साली अमेरिकनने आपली सभासदांची योजना काढली तेव्हा उडालेले मैल मोजायचे. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्या मैल सोडून खर्च झालेल्या पैशांवर पॉइंट देऊ लागल्या. एअर इंडियाने २०२४ मध्ये तेच केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विस्तारा तिच्यात विलीन झाल्यावर दोन्हींचे सभासद महाराजा क्लबात, म्हणजे एअर इंडियाच्या सभासद योजनेत, एकत्र आले. म्हणजे नागपूर-दिल्ली स्वस्तातल्या तिकिटावर पन्नास फेऱ्या मारणारा आता मागे राहतो आणि चार महागडी तिकिटं काढणारा पुढे जातो. इंडिगोच्या बहुतेक विमानांत तर वरचा वर्गच नाही. मेहुण्याची निम्मी उड्डाणं इंडिगोची, म्हणून हे त्याला मुद्दाम सांगितलं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होत असावं. युरोपातल्या एका विमानतळावरून आमचं पुढचं उड्डाण होतं, नऊ तासांचं. पॉइंट भरून दोघांसाठी अपग्रेडची विनंती चार महिने आधी टाकलेली, कार्ड सोनेरी, विनंती 'वेटलिस्ट'वर. कितवा नंबर, हे ना ॲपवर दिसत होतं ना फोनवर कोणी सांगत होतं. गेटवर गेलो तर बाई म्हणाल्या, शेवटी सांगू, जवळपासच थांबा. जवळपास बसायला जागा नव्हती. सौ. काठी टेकून काउंटरच्या कडेला उभी राहिली. दर पाच-सात मिनिटांनी मी त्या बाईंकडे बघायचो आणि त्या हाताने 'थांबा' अशी खूण करायच्या. पन्नास मिनिटं अशी गेली.

मग बोर्डिंग सुरू झालं. आमचा पास मशीनवर ठेवला आणि लाल दिवा लागून आवाज झाला. ज्यांनी अपग्रेडची वाट बघितली आहे त्यांना हा आवाज माहीत आहे. जागा बदलली की तो होतो. सौ.ने माझ्याकडे बघितलं, हसली. बाईंनी आमचे पासपोर्ट मागितले, व्हिसाचं पान बघितलं आणि तेच पास परत हातात दिले. नुसती कागदपत्रांची तपासणी होती. आत शिरलो, बिझनेसच्या भागातून मागे जाताना उजवीकडे दोन जागा रिकाम्या दिसल्या. गोधडी घडी घालून ठेवलेली, बाजूला पाण्याच्या बंद बाटल्या. दारं लागली तरी तिथे कोणी आलं नाही. सौ. काही बोलली नाही. मला मात्र ते नऊ तास त्या दोन घड्याच दिसत होत्या.

नंतर कळत गेलं की त्यात गेटवरच्या बाईंचा दोष नव्हता. बिझनेसमध्ये जागा रिकामी असणं आणि ती अपग्रेडसाठी सोडलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेत जनरल कोट्यात जागा असली तरी आपलं वेटिंग दुसऱ्या कोट्यातलं असेल तर ती आपल्याला मिळत नाही, तसंच. पॉइंटच्या अपग्रेडसाठी कंपनी एक छोटा वेगळा डबा ठेवते, त्यात किती जागा टाकायच्या ते रोजच्या विक्रीवर ठरतं, आणि कधीकधी रिकामी खुर्ची नेणंच परवडतं. शेवटी फुकट मिळते हे एकदा लोकांना कळलं की विकत कोण घेणार? देशांतर्गत एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए३२०निओ विमानांमध्ये बिझनेसच्या जागाच आठ आहेत, तिथे तर हा डबा आणखी छोटा.

हे सगळं मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की नंबर का दिसू नये? दुरांतोचं वेटिंगचं तिकीट असलं तर डब्ल्यूएल ११ वरून ६ वर आलं हे मी सोनेगावच्या घरी बसून बघतो. चार्ट लागला की हो किंवा नाही कळतं, नाही तर दुसरी सोय बघतो. रेल्वेची ऑटो अपग्रेडेशनची सोयही २००६ पासून आहे. तिकीट काढताना खूण करायची, लागलं तर चार्टबरोबरच कळतं. अमेरिकेतल्या कंपन्या गेटच्या पडद्यावर आणि ॲपवर अपग्रेडची यादी लावतात, आडनावाची पहिली अक्षरं आणि नंबर. बाराव्या नंबरावर असलो आणि जागा दोन असल्या तर माणूस शांतपणे जाऊन बसतो. बाकी बऱ्याच ठिकाणी ही पारदर्शकता नाही, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला उभं ठेवून दिलेलं 'शेवटी सांगू' मला अजून टोचतं.

आता बोली. अनेक कंपन्यांसाठी ही व्यवस्था कॅनडातली प्लसग्रेड नावाची कंपनी चालवते, त्यामुळे पान बहुतेक सारखंच दिसतं. तिकीट काढल्यावर मेल येतो, एक घसरपट्टी असते, डावीकडून उजवीकडे सरकवली की काटा 'कमकुवत'वरून 'भक्कम'वर जातो. रक्कम दर माणशी आणि दर उड्डाणाला वेगळी. हे दुसरं नागपूरकरांच्या फार कामाचं आहे. आपल्याला थेट परदेशी म्हणजे दोहा नाही तर शारजा. बाकी सगळ्यांना मुंबई-दिल्ली करून दोन-तीन तुकड्यांत जावं लागतं. दीड तासाच्या तुकड्यावर काहीच लावू नका, सगळं बळ लांबच्या उड्डाणावर लावा. एकाच पीएनआरवर दोघं असली की बोली दोघांची मिळून धरली जाते, एकाला वर आणि एकाला खाली असं होत नाही. लागली नाही तर पैसे कापले जात नाहीत.

मी किमान रकमेच्या थोडी वर लावतो, काट्याच्या मध्याच्या अलीकडे. आतापर्यंत आठ उड्डाणांवर लावली, पाचदा लागली. लागलेल्यांपैकी तीन मंगळवार-बुधवारची होती. सणासुदीला आणि शाळांच्या सुट्ट्यांत लागलेली नाही. यावरून नियम काढू नका, पण वार निवडता येत असेल तर आठवड्याच्या मधला बघा. आणि बोलीसाठी सगळ्यांत स्वस्त तिकीट काढताना नीट वाचा, काही भाड्यांवर बोली चालतच नाही.

बोलीचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. एकदा लागली की पैसे परत नाहीत. प्रवास पुढे ढकलायचा झाला तर ती रक्कम बहुधा गेली. पॉइंट मूळ स्वस्त तिकिटाचेच मिळतात. लाउंज मिळेलच असं नाही, कंपनीगणिक वेगळं. तरीही सरळ बिझनेसचं तिकीट काढण्यापेक्षा हे मला बरं पडतं, त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या तिकिटावर जीएसटी १२ ऐवजी १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर ५ च आहे.

मुख्य म्हणजे बोलीचं उत्तर मला बहुतेक वेळा दोन दिवस आधी, घरी असताना आलं आहे. हा फरक कागदावर छोटा वाटतो. मागच्या वेळी बुधवारी दुपारी मेल आला. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या, सौ. संत्रा बर्फीचे डबे टॉवेलमध्ये गुंडाळत होती. मी म्हटलं, लागली. तिने काही न बोलता हातातल्या बॅगेतून पाय टेकवायची फुगवायची उशी काढली, गुडघ्याचा जाड पट्टा काढला आणि त्या जागेत नातवासाठीचा चिवडा बसवला. आणि एकदा नाही लागली, तेव्हा तेही दोन दिवस आधी कळलं. मी लगेच पैसे भरून पुढे मोकळी जागा असलेली कडेची सीट घेतली. गेटवर 'नाही' कळलं असतं तर ती सीट मिळालीच नसती.

कार्डाच्या बाजूने मनापासून सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती अपग्रेडची नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं, उड्डाणं रद्द होतात, आणि तीनशे माणसं एका काउंटरपुढे उभी असतात. तेव्हा सोनेरी कार्डाचा वेगळा फोन नंबर आणि वेगळी रांग खरंच उपयोगी पडते. एका जानेवारीत मला त्याच कार्डामुळे रात्री अकराला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या नागपूरच्या विमानात जागा मिळाली. माझ्या मागचे लोक दोन दिवस अडकले. तिकीट ऑफिस काढत असेल, तेही पूर्ण भाड्याचं, आणि महिन्यातून चार-पाच फेऱ्या एकाच कंपनीच्या होत असतील, तर कार्ड सांभाळा. तुम्ही पायरीवरही वर असाल आणि भाड्याच्या चाळणीतही. काही कंपन्या बोली ठरवतानाही कार्डाला थोडं वजन देतात.

पॉइंट टाकून द्यावेत असंही नाही. तिकीट काढतानाच पॉइंटवर कन्फर्म अपग्रेड दिसलं, तर पुढचं काही वाचू नका, घेऊन टाका. ते मिळणं विरळा आहे, पण बोलीपेक्षाही ते चांगलं. मी फक्त 'वेटलिस्ट'वर पॉइंट टाकणं बंद केलं.

माझं सोनेरी कार्ड दोन वर्षांपूर्वी खालच्या पायरीवर आलं. ते वाचवायला डिसेंबरात एक फेरी उगाच मारावी लागली असती, जशी मी आधी दोनदा मारली होती. या वेळी नाही मारली.

मेहुण्याला मी शेवटी सांगितलं, ऑफिसच्या फेऱ्यांवर पॉइंट जमू दे, सभासदत्व फुकटच आहे. अमेरिकेचं तिकीट मात्र कार्डाकडे न बघता काढ, दोघांचं एकाच पीएनआरवर, मंगळवार किंवा बुधवारचं, आणि लांबच्या तुकड्यावर बोली लाव. त्याने मेचं तिकीट काढलं आहे. बोलीचा मेल आला की आधी मला दाखव म्हटलंय, घसरपट्टी कुठवर सरकवायची ते बघू.