सी सर्व्हिसची दुखणी शोधताना: एसट्रेस, जीडीबी, व्हॅलग्रिंड आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्सवरच्या सी प्रोग्राममधले दोष शोधणाऱ्या या चार साधनांशी ऐन उन्हाळ्यात जवळचा संबंध आला आणि तेव्हापासून ती रोजच्या हाताखाली आहेत. चारही फुकट आणि मुक्त, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो वेळेचा: सर्व्हिस कोसळली असताना आधी कशाला हात घालायचा?

काम कोणते ते सांगतो, कारण माझे मत त्यावरच बेतलेले आहे. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ आमचे छोटे ऑफिस आहे. बुटीबोरी आणि कळमेश्वरकडच्या कारखान्यांत धर्मकाटे आहेत; त्यांच्या इंडिकेटरवरचे (वजन दाखवणाऱ्या यंत्रावरचे) वजन टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनवरून, गोळा करून पावती छापायला देणारी सर्व्हिस आम्ही सांभाळतो. सी मध्ये लिहिलेली, बऱ्याच हातांतून आलेली, डेबियन या लिनक्सवर, सर्व्हिस सुरू-बंद करणे सांभाळणाऱ्या सिस्टमडीखाली चालणारी. ती पडली की ट्रकची रांग लागते आणि काट्यावरून फोन येतो, "भाऊ, काटा चालू आहे, पण पावती निघूनच नाही राहिली."

मे महिन्यात हे फोन वाढले. सिस्टमडी फक्त एवढेच सांगायचा: डंप झाले, स्टेटस ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. कधी दोन दिवस काही नाही, कधी एकाच दुपारी पुन्हा पुन्हा.

अशा वेळी हात आपोआप जीडीबीकडे, म्हणजे प्रोग्राम आतून तपासणाऱ्या डीबगरकडे जातो. कोअर (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) मिळणे हीच पहिली पायरी असते: सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कोअरची मर्यादा उठवावी लागते, आणि कर्नलची व प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइलसिस्टममधला कोअर-पॅटर्न पाहून कोअर नेमका कुठे जातो ते ठरवावे लागते. आम्ही कोअर जमा करून ठेवणारे सिस्टमडी-कोअरडंप बसवले. त्यानंतर कोअरडंप-सीटीएलने थेट जीडीबी उघडता येतो, ही सोय मला फार आवडली. पण बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची साखळी) मागितला तर दोन फ्रेमनंतर, म्हणजे दोन कड्यांनंतर नुसती प्रश्नचिन्हे, आणि खाली जीडीबीची ती ओळखीची शंका, की स्टॅक (ही साखळी आणि फंक्शनची व्हेरिएबल जिथे राहतात ती मेमरी) खराब झालेला दिसतो. जीडीबीचा यात दोष नाही. प्रोग्राम कुठे मेला ते तो अचूक दाखवतो. ज्याने मारले तो बऱ्याच आधी येऊन गेलेला असतो, आणि स्टॅकच पुसला गेला असेल तर त्याच्या पाऊलखुणाही उरत नाहीत.

उत्तर एसट्रेसने दिले; प्रोग्राम कर्नलकडे जे सिस्टीम कॉल करतो ते तो दाखवतो. चालत्या प्रोसेसला जोडला, फक्त नेटवर्कचे कॉल आणि क्लोज दाखवायला सांगितले, सोबत वाय हा पर्याय दोनदा दिला म्हणजे प्रत्येक डिस्क्रिप्टरपुढे (उघड्या फाइलच्या किंवा कनेक्शनच्या आकड्यापुढे) समोरचा आयपी पत्ताही दिसतो. एकाच काट्याच्या पत्त्यावरून नवे कनेक्शन स्वीकारणारे अ‍ॅक्सेप्ट पुन्हा पुन्हा होत होते आणि परत मिळणारा आकडा चढत होता. लिनक्स नेहमी सर्वांत लहान मोकळा आकडा देतो, म्हणजे खालचे सगळे अडकलेले. क्लोज कुठेच नाही. कनेक्शनची यादी देणाऱ्या एसएसमध्ये पाहिले तर जुनी सगळी कनेक्शने प्रस्थापित अवस्थेत.

कारण काट्यावरच होते. दुपारी लाइन जायची, इंडिकेटर धाडकन बंद पडायचा, लाइन आली की नवे कनेक्शन जोडायचा. जाताना त्याने कनेक्शन बंद केल्याचे पॅकेट पाठवलेलेच नसते. आमची सर्व्हिस त्या सॉकेटवर फक्त वाचते, काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडे कुणी उरलेले नाही हे तिला कळायला मार्गच नाही. कीपअलाइव्ह (शांत कनेक्शनवर पलीकडे कुणी आहे का ते अधूनमधून विचारणे) चालू केलेला नव्हता. आणि नुसता चालू केला असता तरी लिनक्सचा मूळ हिशेब ७,२०० सेकंदांचा आहे, म्हणजे पहिली विचारपूस दोन तासांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा.

इथवर ही साधी डिस्क्रिप्टरची गळती झाली. ती फार तर फाइल उघडण्याची मर्यादा संपल्याचा एरर देते. मग सेगमेंटेशन फॉल्ट का? काम आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी तो एरर दडपायला युनिट फाइलमधली मर्यादा ६५,५३६ करून ठेवली होती, आणि आतला कोड मात्र सिलेक्ट (अनेक कनेक्शनांवर एकदम नजर ठेवणारा कॉल) वापरणारा! ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये सिलेक्टचा संच, दर डिस्क्रिप्टरला एक बिट असा, १,०२४ बिटांचा, म्हणजे १२८ बाइटचा आहे. १,०२४ किंवा त्यापुढचा डिस्क्रिप्टर त्यात घातला की बिट संचाबाहेर, स्टॅकवरच्या शेजारच्या व्हेरिएबलमध्ये लिहिला जातो. शिवाय सिलेक्टचे उत्तर परत लिहिताना कर्नलही त्याच हद्दीबाहेरच्या जागेत लिहितो. शेजारी काय आहे त्यावर पुढचे सगळे अवलंबून, म्हणूनच कधी काही होत नव्हते आणि कधी सगळे आडवे. जुन्या मर्यादेत निदान एरर तरी मिळत होता. मर्यादा वाढल्यावर तोही गेला आणि मेमरी खराब होऊ लागली.

यावर शिक्कामोर्तब केले अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने. मेमरीची हद्द ओलांडणे पकडणारा तो जीसीसी कंपायलरमध्ये ४.८ पासून आहे. कंपाइल आणि लिंक करताना एक पर्याय द्यायचा, बस. टेस्ट सर्व्हरवर एका छोट्या स्क्रिप्टने हजारावर रिकामी कनेक्शने जोडून धरली, आणि सर्व्हिसने पहिल्याच झटक्यात थांबून फाइल, ओळ आणि संचाच्या व्हेरिएबलचे नावही छापले. सी लिहिणाऱ्याला याहून मोठा आधार मला माहीत नाही. वेग साधारण निम्मा होतो, पण टेस्टवर ते सहज चालते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो आभासी मेमरी टेराबाइटांत राखून ठेवतो, म्हणून युनिटमध्ये अ‍ॅड्रेस स्पेसची मर्यादा घातली असेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही. आणि त्याचा गळती शोधणारा भाग जीडीबी किंवा एसट्रेस जोडलेला असताना चालत नाही.

आम्ही सिलेक्ट काढून, ही १,०२४ ची हद्द नसलेला पोल आणला, कीपअलाइव्हची वेळ एका मिनिटावर आणली. त्यानंतर डिस्क्रिप्टरचा आकडा काट्यांच्या संख्येशी जुळून राहिला आहे.

व्हॅलग्रिंडबद्दल लोक एक तर फार भक्तीने बोलतात किंवा म्हातारा झाला म्हणून सोडून देतात. माझा अनुभव मधला आहे. वरच्या प्रकरणात त्याचा उपयोग नव्हता, कारण त्याचा मेमरी तपासणारा भाग, मेमचेक, स्टॅकवरच्या अ‍ॅरेची हद्द तपासत नाही. शिवाय तो प्रोग्राम २० ते ३० पट हळू करतो. पण पावतीच्या शेवटी कधीमधी कचरा अक्षरे छापली जात होती, आणि छपाईची लायब्ररी बंद, सोर्स नसलेली. तिथे पुन्हा कंपाइल करायची सोयच नव्हती. व्हॅलग्रिंडला बायनरी (आधीच कंपाइल झालेला प्रोग्राम) जशी आहे तशी चालते. त्याने राइट कॉलमध्ये कधीच न भरलेले बाइट जात असल्याचे दाखवले, आणि मूळ शोधायचा पर्याय दिल्यावर ते बाइट कोणत्या मॅलॉकमधून (मेमरी मागणाऱ्या कॉलमधून) आले तेही सांगितले. न भरलेली मेमरी वाचणे हा दोष अ‍ॅड्रेस सॅनिटायझर पकडत नाही, म्हणून व्हॅलग्रिंड मशीनवर असायलाच हवा.

एसट्रेसची एक मोठी उणीव: प्रत्येक सिस्टीम कॉलला प्रोसेस थांबते. गर्दीच्या वेळी चालत्या सर्व्हरवर सगळे कॉल बघू नका, हवे तेवढेच मागा आणि लवकर सुटा. नुसते डिस्क्रिप्टर मोजायचे असतील तर प्रॉकमधली त्या प्रोसेसची एफडी फोल्डर पुरते, त्याने कुणाचा वेग कमी होत नाही. तसेच डिस्कची मोकळी जागा सांगणारा डीएफ ती भरल्याचे म्हणतो आणि फाइलींची बेरीज करणारा डीयू रिकामी, तेव्हा उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने पुसलेल्या पण अजून उघड्या फाइल शोधा. बहुतेक वेळा लॉगच निघतो.

आता माझा क्रम असा बसला आहे: सर्व्हिस पडली की आधी प्रॉक आणि एसट्रेस, मग टेस्टवर सॅनिटायझरचा बिल्ड, सोर्स नसेल तिथे व्हॅलग्रिंड. जीडीबी मी शेवटी उघडतो, स्टॅक शाबूत असल्याची खात्री असेल तेव्हा. फक्त एक प्रकार याला अपवाद आहे. सर्व्हिस मरत नाही, नुसती अडकून बसते, तेव्हा सरळ जीडीबी जोडून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस एकदम घ्यावेत. दोन थ्रेड एकमेकांच्या म्युटेक्सवर (कुलपावर) थांबलेले असतील तर ते तिथेच समोर दिसतात.